जाडू, काडू आणि पत्र्याची डबी

मावशीच्या शिवणाच्या कारखान्यात टीव्ही होता, पण त्याला आवाज नव्हता. यात टीव्हीचा काही दोष नव्हता हं, तो बिचारा चांगला धडधाकट होता. पण समोरच्या सहा मशिनी एकदम सुरू झाल्या की असा काही गदारोळ उठायचा, की टीव्हीनं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला असता तरी कुणाच्या कानात एक अक्षर शिरलं नसतं. त्यातून कोपऱ्यातली ओव्हरलॉकची मशीन म्हणजे तर भांडकुदळ जाऊबाई. ती बोलायला लागली की बाकीच्यांनी नुसत्या माना डोलवायच्या. शेवटी मावशीनं रिमोट उचलला, आवाज बंद केला आणि जाहीर केलं, "जे ऐकूच येत नाही त्यासाठी वीज कशाला जाळायची?" आवाजाला वेगळी वीज लागते का, असा प्रश्न कटिंग मास्तरांना पडला होता. पण मावशीपुढे प्रश्न पडून भागत नाही, तो गिळून टाकावा लागतो.

गिळण्यावरून आठवलं, मुगी! मुगी म्हणजे मावशीच्या बहिणीची मुलगी, नववीतली. शाळा सुटल्यापासून आई कामावरून परत येईपर्यंत ती कारखान्यात बसायची आणि दवाखान्याच्या कोटांना बटणं लावायची. पहिले कितीतरी महिने तिच्या तोंडून 'हो', 'नाही' आणि 'सुई' याखेरीज चौथा शब्द कुणी ऐकला नव्हता. वर्गातही तेच. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर दातांपर्यंत यायचं, तिथं जरा घुटमळायचं आणि आल्या पावली परत जायचं. "पोरगी सदा मूग गिळून बसलेली," मास्तर म्हणाले, आणि तेव्हापासून ती मुगी झाली.

तर दर गुरुवारी दुपारी चार वाजता, चहाचे पेले फिरून झाले की, मावशी टीव्ही लावायची. त्यावर एक कार्यक्रम लागायचा. कार्यक्रमाचं नाव काय ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण चहा संपेपर्यंत नाव येऊन गेलेलं असायचं. त्यात दोन उतारवयाचे गृहस्थ होते, एक जाड आणि एक काडीसारखा, म्हणून आपले जाडू आणि काडू. एका जुनाट निळ्या गाडीतून ते गावोगाव हिंडायचे. दगडी बांधांची शेतं, मधेच रस्ता अडवून उभ्या मेंढ्या, लाकडी पूल, ढगांच्या सावल्या अंगावरून सरकवत बसलेले डोंगर. आणि प्रत्येक गावात एक खानावळ! वाफा निघणारं सूप, कडकडीत कवचाचा पाव, तव्यावर परतलेले मासे, सफरचंदं घालून भाजलेलं काहीतरी गोड. जाडू खुर्चीत बसला की खुर्ची तरी मोडायची, नाहीतर मोडता मोडता राहायची. एकदा तर बदकांच्या कळपानं त्याला तळ्याभोवती तीन चकरा मारायला लावल्या, तेव्हा मास्तरांची कात्री आखणी सोडून भलतीकडेच गेली होती.

एका गुरुवारी जाडू खानावळवालीशी वाटीतल्या सुपाकडे बोट दाखवून काहीतरी भांडत होता. मुगीच्या शेजारी आक्का बसल्या होत्या. आक्का म्हणजे कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या, काज करण्यात हात धरणारा कुणी नाही अशा. त्यांनी मशिनींच्या वर आवाज काढून विचारलं, "काय गं म्हणतोय तो?"

आता हे मुगीला कसं ठाऊक असणार? पण तिनं मान वर न करता, दातांनी दोरा तोडला आणि म्हटलं, "म्हणतोय, बाई, सुपात माशी पडली असती तर चाललं असतं, निदान सुपात काहीतरी आहे असं वाटलं असतं."

"काऽय? मोठ्यानं बोल!"

मग मुगी ओरडली. अगदी पोटातून ओरडली, कारण जाऊबाई जोरात होत्या. एक एक करून सहाही मशिनी थांबल्या. आणि मग सगळ्या बायका अशा हसल्या, की मास्तर म्हणाले, "घ्या! मुगाला मोड फुटले!"

त्या दिवसापासून गुरुवारचं आवाजखातं मुगीकडे आलं. पडद्यावर ओठ हलले की मुगी बोलणार. जाडूसाठी फुगवलेले गाल, काडूसाठी नाकातून आवाज, खानावळवाल्यांसाठी जसा सुचेल तसा. दोघांचं नातं काय, हा पहिला मोठा प्रश्न होता. मुगीनं एका झटक्यात सांगितलं, "साडू आहेत. सासऱ्यांनी दोन्ही जावयांत मिळून एकच गाडी दिलीय. म्हणून एकत्र फिरावं लागतं."

"मग बरोबर," मावशी म्हणाली, "म्हणून चावीवरून भांडतात."

"काही साडूबिडू नाहीत," मास्तर म्हणाले. "तो काडू कुठल्यातरी कचेरीतला तपासनीस आहे. बूट बघा त्याचे, किती पॉलिश!"

"तुम्ही कापड कापा मास्तर, नाती नका कापू," मावशीनं सुनावलं.

दुसरा प्रश्न पत्र्याच्या डबीचा होता. जेवण संपत आलं की काडू ताटातला शेवटचा घास बाजूला काढायचा आणि खिशातल्या छोट्याशा डबीत ठेवायचा. दर वेळी! जाडू हात पुढे करायचा, काडू डबी मागे घ्यायचा. कुणासाठी? मुगीनं त्याला एक बायको दिली, दोघी बहिणींतली थोरली. ती घरी असते, तिला काही हिंडता येत नाही, म्हणून प्रत्येक गावचा एक घास तिच्यासाठी. आणि तिसरी गोष्ट, शेवटची. कार्यक्रम संपताना दोघं एखाद्या बांधावर बसायचे, समोर डोंगर, ऊन उतरलेलं, आणि काडू डोंगराकडे बघत दोनच शब्द बोलायचा. त्या ठिकाणी मुगी आवाज खाली आणायची, म्हणजे ओरडण्यातल्या ओरडण्यात खाली, आणि म्हणायची, "थोरलीला आवडलं असतं." मावशी मान वळवून पदरानं डोळे टिपायची. वर म्हणायची, "कापडाची धूळ गं."

आक्का मात्र डोळेबिळे टिपायच्या नाहीत. त्या विचारायच्या, "काय म्हणाला? परत सांग. आणि त्यावर जाडू काय म्हणाला?" एकेक वाक्य दोनदोनदा विचारून घ्यायच्या. मुगीला वाटायचं, बिचाऱ्यांना ऐकू कमी येतं.

आणि या सगळ्याचा परिणाम असा झाला, की सहा मशिनींच्या वर ओरडू शकणाऱ्या मुलीला चाळीस पोरांचा वर्ग म्हणजे किस झाड की पत्ती! एके दिवशी बाईंनी प्रश्न विचारला, उत्तर दातांपर्यंत आलं, आणि थेट बाहेरच पडलं. बाईंनी दचकून खिडकीतून बाहेर पाहिलं, रस्त्यावरून कुणी बोललं की काय म्हणून. त्यानंतर मुगीनं वर्गात जो तोंडाचा पट्टा सोडला तो सोडलाच. बाईंना आता तिला "जरा इतरांनाही बोलू दे" असं सांगावं लागे, आणि हे वाक्य ऐकलं की मुगीला बक्षीस मिळाल्यासारखं वाटे.

इतकं सगळं छान चाललेलं असताना मावशीनं नव्या मोटारी आणल्या.

जुन्या मोटारी काढून मशिनींना या नव्या, आवाज न करणाऱ्या मोटारी बसवल्या. पहिल्यांदा मशिनी सुरू झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, बिघडल्याच! मग सुई कापडात शिरतानाचा बारीक टुकटुक आवाज ऐकू आला. भिंतीवरचं घड्याळही टिकटिक करतं, हे पहिल्यांदाच कळलं. मास्तर काम करताना गुणगुणतात हे कळलं, आणि बेसूर गुणगुणतात हेही कळलं. जाऊबाईंची जीभ तर पार जड झाली होती. मुगीनं नेहमीच्या सुरात "आक्का, पांढरा दोरा!" म्हटलं तर तिघीजणी खुर्चीतून उडाल्या.

"अगं हळू," मावशी म्हणाली, "आम्ही इथंच आहोत, नदीपलीकडे नाही."

गुरुवार आला. चहा झाला. मावशीनं टीव्ही लावला, आणि मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"बाई, आता आवाज लावा की. खरं काय ते एकदाचं कळू दे."

मावशी रिमोट हातात धरून मुगीकडे बघायला लागली.

मुगीच्या पोटात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होतं, नको! आवाज आला की तुझं काम संपलं. गुरुवारी तुला कोण विचारणार? परत बटणं लाव आणि मूग गिळ. दुसरं मात्र जागच्या जागी उड्या मारत होतं. काडूचा आवाज खरा कसा असेल? नाकातून असेल? साडूच असतील ना? आणि ते शेवटचे दोन शब्द! वर्षभर ती त्याच्या ओठांकडे बघत आली होती. 'थोरलीला आवडलं असतं' हे त्या ओठांत नीट बसत नाही, जरा लांब पडतं, कोटाला मोठं बटण लावल्यासारखं, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मग तिथं काय बसत असेल?

"लाव ना मावशी," मुगी म्हणाली. कुतूहल जिंकलं. कुतूहल नेहमीच जिंकतं मेलं.

आधी संगीत आलं. बासरीसारखं काहीतरी, हलकंफुलकं. मग गाडीची घरघर, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, आणि वारा! गवतातून जाणारा वारा कुणी धरलाच नव्हता हिशेबात. मुगीनं सगळ्यांना आवाज दिले होते, वाऱ्याला द्यायचा राहिला होता.

"नकाशा उलटा धरलायस," काडू म्हणाला. त्याचा आवाज नाकातून नव्हता. चांगला जाडाभरडा होता, विहिरीतून आल्यासारखा. आणि जाडूचा आवाज पिपाणीसारखा! सगळा कारखाना खदखदला. पुढच्या दहा मिनिटांत सगळा उलगडा झाला. ते साडू नव्हते, शाळेतले जुने दोस्त होते. काडू एका प्रवासाच्या पुस्तकासाठी खानावळींना गुण द्यायचा.

"तपासनीस!" मास्तरांनी टेबलावर हात आपटला. "म्हटलं नव्हतं? बूट बघा म्हटलं नव्हतं?"

"झालं, आता आठवडाभर हे असंच," मावशी पुटपुटली.

मग जेवण आलं, आणि कवच फुटणाऱ्या पावाचा असा काही कुर्रकन आवाज झाला की दोघीतिघींच्या तोंडाला पाणी सुटलं. काडूनं शेवटचा घास डबीत ठेवला. जाडूनं हात पुढे केला. काडू म्हणाला, "हात काढ. कुत्र्यासाठी आहे."

कुत्र्यासाठी! कुणीतरी फिसकन हसलं. मावशीनं ओठ दाबून धरले. अजून शेवट यायचा होता. दोघं बांधावर येऊन बसले. ऊन उतरलं होतं, डोंगर निळे झाले होते, बासरी हळू वाजत होती. मशिनी आपोआप थांबल्या. काडूनं डोंगराकडे बघितलं, एक मोठा श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"बूट चावतोय."

आधी कुणाला खरंच वाटेना. मग मावशीच्या गळ्यातली टेप घरंगळून खाली पडली आणि ती टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. "अगं आई गं! वर्षभर त्या बुटावर रडले मी!" मास्तर पोट धरून भिंतीला टेकले. मुगी तर हसून हसून वाकडी झाली, कारण ते खरंच, अगदी खरंच, तिनं केलं होतं त्यापेक्षा मजेदार होतं. आणि ते ओठांत काय फिट्ट बसत होतं! बूट चावतोय. अहाहा.

हसू ओसरल्यावर तिला आत कुठंतरी टोचलं. हे तिच्याशिवाय झालं होतं. आज तिच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

आणि मग तिला दिसलं, की एकच माणूस हसत नाहीये. आक्का. त्यांच्या हातातल्या कोटाला बटण उलट्या बाजूला लागलं होतं आणि त्या नुसत्या त्याकडे बघत होत्या.

"आक्का, काय झालं? मजा नाही आली?"

"आली की." आक्कांनी बटण उसवायला घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मुगे, आज जरा घरी येशील माझ्याबरोबर? तुझ्या आईला निरोप देऊ. ह्यांना आजचं तू सांग. मला नाही जमायचं."

"कुणाला? काय सांगू?"

तेव्हा कळलं. आक्कांचे यजमान जिन्यावरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि गेले कित्येक महिने ते अंथरुणाला खिळून होते. आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस, आणि आता पलंगाचा कठडा हीच त्याची वेस. गुरुवारी संध्याकाळी आक्का घरी गेल्या की पलंगाच्या कडेला बसून त्यांना जाडू-काडूचा सगळा भाग सांगत. मुगीच्या शब्दांत, अगदी जसाच्या तसा. म्हणून ते "परत सांग, परत सांग."

"त्या थोरलीत जीव अडकलाय त्यांचा," आक्का म्हणाल्या. "आता काय सांगू? की थोरली कुणी नव्हतीच? बूट चावत होता म्हणून?"

आवाज लाव असं म्हणणारी मुगीच होती ना!

आक्कांचं घर एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होतं. जिना अरुंद, कठड्याला नवी पक्की दोरी बांधलेली. आत दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी पलंग, पलंगावर उशांना टेकलेले आजोबा, मिशा मोठ्या, डोळे त्याहून मोठे. पायथ्याशी एका स्टुलावर जुना डबा टीव्ही, त्यावर आक्कांनी विणलेला रुमाल.

"ही आमची मुगी. हिचीच ती सगळी गोष्ट," आक्का म्हणाल्या. "आज ही सांगणार आहे. मी चहा टाकते." आणि त्या जवळजवळ पळतच आत गेल्या.

"ये, बस," आजोबा म्हणाले. "चालक-वाहक दोन्ही तूच म्हण की!"

मुगीला बसायला जागा करायची म्हणून तिनं दप्तर टीव्हीवर ठेवायला घेतलं. रुमाल सरकला होता, तो सरळ करावा म्हणून हात लावला, आणि थबकली. टीव्ही गरम होता. ताप आलेल्या पोरासारखा फणफणलेला. पण येताना जिन्यात आक्का म्हणाल्या होत्या, "टीव्ही लावतच नाहीत ते, डोकं उठतं म्हणतात."

मुगीनं टीव्हीकडे बघितलं. मग आजोबांकडे बघितलं. आजोबांच्या उशीखालून रिमोटचं काळं टोक डोकावत होतं. त्यांनी ते हळूच आत ढकललं.

"आजोबा," मुगी कुजबुजली. आयुष्यात इतकं बारीक ती कधी बोलली नव्हती. "तुम्ही बघता?"

आजोबांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. आत पाण्याचा नळ चालू होता.

"चहा उकळेपर्यंतच बोलायचं," ते म्हणाले. "दर गुरुवारी बघतो. चार वाजता. आवाजासकट. मग हिची चाहूल लागेपर्यंत तो चालूच असतो."

"म्हणजे तुम्हाला बूट..."

"आजचा बूटही ऐकला. दर वेळी वेगळं काहीतरी असतं. मागच्या वेळी 'पाऊस येणार' म्हणाला होता. त्याआधी 'भूक लागली.' आत्ताच जेवला होता लेकाचा!"

मुगीनं तोंडावर हात दाबला. हसू नाकातून बाहेर आलं. "मग तुम्ही आक्कांना सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार?" आजोबा मिशीला पीळ देत म्हणाले. "अगं, ही बाई जन्माची मितभाषी. कामावरून आली की 'जेवलात का, गोळी घेतलीत का', खलास. मी पडल्यापासून तर तेवढंही नाही. भिंतीशी बोलावं तर भिंत तरी ओल धरते. आणि एका गुरुवारी ही आली, इथं कडेला बसली, आणि हातवारे करून सांगायला लागली, की ते दोघं साडू आहेत म्हणून! मी म्हटलं, अरेच्चा, मी तर आत्ताच बघितलं, हे कुठलं? हसू दाबता दाबता खुबा दुखायला लागला माझा. पण ती बोलत होती गं. चांगली तासभर. मी कशाला मधे ब्रेक लावू?"

आत कपबशा वाजल्या. आजोबा पुढे झुकले. त्यांचे डोळे आणखी मोठे झाले.

"आता तू आलीच आहेस तर मला एक सांग. खऱ्या भागात कुत्रा आहे, ते ठीक. पण तुझ्या भागात ती थोरली पलंगावर पडून असते ना खिडकीपाशी, तिच्यासाठी काडू गाडीच्या मागं आडवी सीट बसवतोय. झोपून जाता येईल अशी. तीन आठवडे झाले, त्याला पट्टे मिळेनात. बसणार आहे की नाही ती सीट?"

मुगीनं हातातलं दप्तर खाली ठेवलं.

"कुठली सीट?"

"अगं, मागची! तिला डोंगर दाखवायला न्यायचंय ना त्याला."

"आजोबा," मुगी म्हणाली, "थोरलीला हिंडता येत नाही एवढंच मी सांगितलं होतं. पलंग नाही, खिडकी नाही. सीट तर नाहीच नाही."

दोघांनी एकदमच स्वयंपाकघराकडे बघितलं. आत आक्का चहा गाळत होत्या. गाळणीवर चमचा आपटल्याचा टकटक आवाज येत होता.

"म्हणजे..." आजोबा म्हणाले. बोटांनी नुसती पांघरुणाची कड चाचपत राहिले.

मुगीच्या डोक्यात मात्र हजार दिवे लागले होते. आक्का! 'परत सांग' म्हणणाऱ्या आक्का! मुगीची गोष्ट घरी नेताना पायरीपायरीवर त्या तिला अस्तर लावत होत्या, खिसे लावत होत्या, काजं करत होत्या. काय काय केलं असेल त्यांनी? जाडूचं काय केलं असेल? मुगीला वाटलं होतं, तिचा आवाज बंद झाला की गोष्ट संपली. आणि गोष्ट तर कधीच तिच्या हातातून निसटून या खोलीत येऊन राहिली होती, चांगली जेवूनखाऊन.

आक्का चहा आणि बिस्किटं घेऊन आल्या. चेहरा असा, जणू निकालच लागायचाय. "सांगितलंस?" त्यांनी मुगीला विचारलं.

"आत्ताच सुरू करणार होते," मुगी म्हणाली. तिनं गाल फुगवले, मग सोडून दिले, आणि साध्याच आवाजात सांगायला लागली. "आज काडूचा बूट चावत होता. त्यामुळे चालणं कमी, खाणं जास्त. पाव असा ताजा, की तोडला तर कुर्रकन आवाज शेजारच्या गावात गेला. आणि शेवटचा घास त्यानं डबीत ठेवला आणि सांगितलं, की हा कुत्र्यासाठी आहे."

आक्कांनी बिस्किटांची बशी मुगीपुढे सरकवली.

"थोरलीच्या कुत्र्यासाठी," मुगी म्हणाली. "तिला दिवसभर सोबत हवी ना, काडू फिरतीवर असतो तेव्हा. म्हणून आणलाय."

"कधी आणला?" आजोबांनी अगदी निरागस तोंडानं विचारलं.

"कालच," मुगी म्हणाली. मग तिनं एक बिस्कीट उचललं. "आणि गाडीतल्या सीटचं काय झालं ते मला नाही माहीत. त्या वेळी मी बटणं लावत होते, माझं लक्षच नव्हतं. ते आक्कांनी बघितलंय."

आक्का जागच्या जागी लाल झाल्या. कानाच्या पाळ्यांपर्यंत. त्यांनी मुगीकडे बघितलं, मग यजमानांकडे, मग हातातल्या कपाकडे, जणू पुढचं तिथंच लिहिलेलं होतं. मुगीनं अख्खं बिस्कीट तोंडात कोंबलं, म्हणजे चुकूनसुद्धा मधे बोलायला नको. मूग गिळण्यात इतकी मजा असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आक्का पलंगाच्या कडेला टेकल्या. पदरानं उगाचच हात पुसले.

"सीट तशी बसली," त्या म्हणाल्या. "पट्टे मिळाले. एका खानावळवाल्याकडे जुने होते. पण जाडू आडवा आला ना मधे."

"का? काय म्हणाला जाडू?" आजोबा आणि मुगी एकदमच म्हणाले. मुगीच्या तोंडातून बिस्किटाचा भुगाही उडाला.

"सांगते की," आक्का म्हणाल्या. "आधी चहा घ्या, निवतोय."